लायसन्स पोलिसासाठी नाही, घरच्यांसाठी काढा

सायवन (ता. डहाणू) : भात झोडून झालं की आपल्याकडची पोरं कामाला बाहेर पडतात. कोणी वापी, कोणी उंबरगाव, कोणी तलासरी. मग हप्त्यावर बाईक येते. पहिल्या दिवशी मोकळ्या शेतात फिरवायची, दुसऱ्या दिवशी कासा बाजार आणि आठवड्याभरात थेट हायवे. लायसन्सचं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "गावात कोण धरतंय?"

मी दुसऱ्याला नावं ठेवत नाही. मी स्वतः अकरा वर्षं लायसन्स नसताना गाडी चालवली. डोळे उघडले ते विम्याचा कागद नीट वाचला तेव्हा. म्हणून आज दंडाचं नाही, त्या कागदाचं आधी सांगतो.

विम्यात काय लिहिलंय?

गाडीच्या विम्यात मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो. गाडी चालवताना मालकाचा मृत्यू झाला तर घरच्यांना १५ लाख रुपये मिळायची ती सोय आहे. पण अट अशी, की मालकाकडे चालू लायसन्स पाहिजे. ते नसेल तर हप्ता भरलेला असूनही बायको-पोरांच्या हातात काही पडत नाही.

दुसरी बाजूही बघा. आपल्या गाडीने कोणाला उडवलं आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नसलं, तर विमा कंपनीने आधी जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती गाडीमालकाकडून वसूल करावी, असे निकाल कोर्टांनी अनेकदा दिलेत. म्हणजे भाच्याला पाच मिनिटांसाठी दिलेली गाडी मामाची जमीन विकायला लावू शकते.

पोर अठराच्या आतलं असेल तर आणखी कठीण. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, आणि त्या पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. सोळाव्या वर्षी चालते ती फक्त ५० सीसीपर्यंतची बिनगियरची गाडी, तीही पालकांच्या संमतीने. बाजारातल्या बहुतेक स्कूटी १०० सीसीच्या वर आहेत, त्या यात बसत नाहीत.

परीक्षा सोपी झाली, शिकणं राहून गेलं

जून २०२१ पासून आपल्या राज्यात शिकाऊ लायसन्स आधार कार्डावर घरबसल्या निघतं. सारथी पोर्टलवर अर्ज, मोबाईलवरच परीक्षा, किमान ६० टक्के उत्तरं बरोबर पाहिजेत. विरारच्या आरटीओला जाऊन एक दिवसाची मजुरी बुडवायची गरज उरली नाही. सोय चांगलीच आहे. पण होतं काय, की कॉम्प्युटरवाला बटणं दाबतो आणि आपण बाजूला चहा पितो. कागद हातात येतो, पण तीन कोनातला लाल बोर्ड कशाचा, ते कळत नाही. परीक्षा मराठीत देता येते. मग ती स्वतःच द्या.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. तीस दिवस झाले की पक्क्याची चाचणी देता येते. हे तीस दिवस शिकायला दिलेले आहेत, तारीख मोजायला नाहीत. शिकाऊच्या काळात गाडीला पुढे-मागे लाल 'एल' लावायचा आणि कार शिकताना बाजूला पक्कं लायसन्सवाला बसलेला पाहिजे.

चाचणीत मी पहिल्यांदा नापास झालो. अकरा वर्षं गाडी चालवणारा माणूस, आठचा आकडा काढताना पाय टेकला. साहेब म्हणाले, "सात दिवसांनी या." लाज वाटली. घरी येऊन खळ्यावर दोन दगड मांडले आणि रोज संध्याकाळी त्यांच्याभोवती आठ काढला. तेव्हा कळलं, की मला वेगात गाडी येत होती, हळू येत नव्हती. आणि गुरं आडवी आली, वळणावर समोरून जीप आली, तर हळू चालवणंच कामाला येतं.

म्हणून चाचणीआधी एवढं घटवून घ्या. आठचा आकडा, पाय न टेकता. वळायच्या आधी आरसा, मग इंडिकेटर किंवा हात, मग वळण. दोन्ही ब्रेक एकत्र. कारवाल्यांनी रिव्हर्स आणि चढावर गाडी मागे न घसरता उचलणं. जाताना हेल्मेट, गाडीची कागदपत्रं, विमा आणि पीयूसी बरोबर ठेवा. चाळिशी ओलांडली असेल तर डॉक्टरचा दाखला लागतो.

फी ऐकून घाबरू नका. एका प्रकारच्या गाडीला शिकाऊचे १५०, परीक्षेचे ५०, चाचणीचे ३०० आणि लायसन्सचे २००. झाले ७००. एजंट याच्या कितीतरी पट मागतो.

पिकअप, टेम्पो चालवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. व्यावसायिक लायसन्सला आठवी पासची अट होती, ती २०१९ मध्ये निघाली. आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडीही चालवता येते. शाळा सुटलेल्या आपल्या पोरांना हा रोजगाराचा रस्ता आहे.

चारोटीचा पूल विसरू नका

४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची गाडी कठड्यावर आदळली. गाडी महागडी, सगळ्या सोयींची. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता. ते दोघे गेले, पुढचे दोघे जखमी होऊन वाचले. पैशाने वाचवलं नाही त्यांना. आपण तर त्याच हायवेवर बाईकवर तिघं, हेल्मेट एकाकडेही नाही, असे जातो.

साधा हिशेब करा. ताशी ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोर बैल दिसला, ब्रेक दाबायचं डोक्यात आलं, तेवढ्यात १७ मीटर गेले. गाडी थांबायला लागते ती जागा वेगळी. वेग दुप्पट केला तर ब्रेकनंतरचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. ताडी घेतलेली असेल तर हा वेळ आणखी वाढतो. महालक्ष्मीच्या यात्रेत आणि लग्नसराईत हे लक्षात ठेवा.

मागणी आपलीही पाहिजे

सगळा दोष पोरांवर टाकून चालणार नाही. पक्क्या चाचणीला विरार गाठायचं किंवा तालुक्याच्या कॅम्पची तारीख मिळेपर्यंत थांबायचं, म्हणून माणूस कंटाळतो. ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत ठराव घेऊन सायवन-कासा भागासाठी कॅम्प मागावा. शाळेच्या मैदानावर चुन्याने आठचा आकडा आखायला तर कोणाची परवानगी मागत बसायला नको, मुख्याध्यापकांना विचारलं की झालं.

तोपर्यंत आज एक काम करा. घरातल्या गाडीचा विमा काढून तारीख बघा. आणि ज्याच्या हातात चावी देता, त्याच्याकडे लायसन्स आहे का ते विचारा.