भाडे घराचे, हिशेब पगाराचा

दिल्लीच्या करोल बागेत, बीडनपुरा आणि रेगरपुऱ्याच्या अरुंद गल्ल्यांत, दागिने घडवणाऱ्या व सोने गाळणाऱ्या कारागिरांची दाट वस्ती आहे. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली मराठी माणसे येथेही पोहोचली. अशा भट्टीवर राबणारा कामगार आणि काही मैलांवरील केंद्रीय सचिवालयातील अधिकारी, दोघेही भाड्याच्या घरात राहतात असे समजू. घरभाड्यापोटी सरकार कोणाला किती हात देते, याचा हिशेब मांडला की राज्यकर्त्यांच्या ‘कल्याणकारी’ बुरख्याआडचा वर्गीय चेहरा उघडा पडतो.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता मूळ वेतनाच्या टक्क्यांवर ठरतो. सातव्या वेतन आयोगानंतर, जुलै २०१७ पासून, दिल्लीसारख्या महानगरात तो २४ टक्के होता. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर जानेवारी २०२४ पासून तो ३० टक्के झाला. म्हणजे १८,००० रुपये मूळ वेतनाच्या शिपायाला ५,४०० रुपये आणि १,४४,२०० रुपये मूळ वेतनाच्या अधिकाऱ्याला ४३,२६० रुपये. खोली रेगरपुऱ्यात आहे की वसंत विहारात, घरात माणसे किती, भाडे काय, हे प्रश्न या सूत्रात उद्भवतच नाहीत. ज्याचा पगार मोठा त्याची घराची गरजही मोठी, असा हा न्याय! कर्मचाऱ्यांनी हा भत्ता संघटनेच्या बळावर टिकवला आहे, तो त्यांचा हक्क आहे. आक्षेप आहे तो वरच्यांना ढीग व खालच्यांना चिमूट देणाऱ्या सूत्रावर.

खासगी नोकरदारांच्या बाबतीत हेच सूत्र प्राप्तिकराच्या वाटेने येते. मिळालेला भत्ता, पगाराच्या दहा टक्क्यांहून जास्त दिलेले भाडे आणि दिल्लीत पगाराचा अर्धा भाग, या तिन्हींपैकी सर्वांत लहान रक्कम करमुक्त. दरमहा एक लाख पगार, पन्नास हजार भत्ता व पंचेचाळीस हजार भाडे असलेल्या व्यवस्थापकाचे उदाहरण घ्या. त्याचे महिन्याला ३५,००० रुपये, वर्षाला ४,२०,००० रुपये करातून सुटतात. जुनी करप्रणाली निवडून तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह १,३१,०४० रुपये वाचतात. सरकारी तिजोरीने त्याच्या भाड्यात महिन्याला जवळजवळ अकरा हजारांची भर घातली!

आणि भट्टीवरचा कामगार? त्याला वेतनचिठ्ठी नाही, भत्ता नाही, घरमालकाची पावतीही बहुधा नाही. भत्ता न मिळणाऱ्यांसाठी ८०जीजी हे कलम होते. त्याची मर्यादा २०१६ च्या अंदाजपत्रकाने दरमहा २,००० वरून ५,००० रुपयांवर नेली. पण ज्याची कमाई कराच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचत नाही त्याला करसवलत देणे म्हणजे उपाशी माणसाला ढेकर देण्याची मुभा देणे होय. त्याच्या वाट्याला शून्यच.

ब्रिटनमध्ये भाडे-साहाय्याची मर्यादा निदान त्या त्या भागातील प्रत्यक्ष भाड्यांची पाहणी करून ठरवतात. तेथील भांडवलदारी सरकारनेही २०११ मध्ये ती मधल्या भाड्यावरून सर्वांत स्वस्त तीस टक्के घरांच्या पातळीवर खाली ओढली, हा भाग वेगळा. आपल्याकडे मोजमापाचा तेवढाही देखावा नाही.

परंतु सूत्र बदलूनही भागणार नाही. भाड्यावर लगाम नसेल, तर वाढलेला प्रत्येक भत्ता अखेर घरमालकाच्याच खिशात जातो. हा लगाम दिल्लीत होता. १९५८ च्या भाडेनियंत्रण कायद्यात प्रमाणित भाड्याची तरतूद होती. १९८८ च्या दुरुस्तीने दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागा या कायद्यातून वगळल्या. आज करोल बागेत त्या रकमेत नव्याने स्वतंत्र खोली मिळणे दुरापास्त. म्हणजे कायदा पुस्तकात आणि भाडेकरू रस्त्यावर. २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याने तर भाडे सरळ ‘परस्पर करारा’वर सोडले. भट्टीवरचा मजूर आणि चार मजल्यांचा मालक यांचा परस्पर करार!

भांडवलदार वर्ग घरांचा प्रश्न सोडवत नाही, तो नुसता दुसरीकडे ढकलतो, हे एंगल्सने १८७२ मध्येच दाखवून दिले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये याच करोल बागेत, बापा नगरात, एक जुनी इमारत कोसळून चार जणांचा बळी गेला. परवडणारी जागा म्हणजे पडायला आलेली जागा, हीच कष्टकऱ्यांपुढची निवड आहे.

म्हणून मागणी केवळ टक्केवारी वाढवण्याची असू शकत नाही. त्या त्या वस्तीतील प्रत्यक्ष भाड्यावर व कुटुंबाच्या माणसांवर आधारलेले साहाय्य वेतनचिठ्ठी नसलेल्यांनाही मिळाले पाहिजे. ३,५०० रुपयांची पळवाट रद्द झाली पाहिजे. मालकाने पावती देणे सक्तीचे झाले पाहिजे. संघटित कर्मचाऱ्यांच्या मागणीपत्रकांत भट्टीवरच्या कामगाराच्या खोलीचा प्रश्न आला, तरच या मागण्यांना बळ येईल. आजवर तो तेथे क्वचितच आला आहे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.