आमच्या अंगावरचं संशोधन, आमच्या हाती काय?



सरकारी दप्तरात बाईच्या शरीराची नोंद बहुधा तीन कारणांसाठी होते : ती गरोदर आहे का, तिला मुलं किती, आणि तिचं ऑपरेशन झालं का. तिचं गर्भाशय मोजलं जातं, पण तिथे तिला काही दुखतंय-खुपतंय का, हे विचारायला कुणी थांबत नाही. अंगावरून जातं, कंबर धरते, लघवीला जळजळ होते, हे सगळं 'बायकांचं असतंच' म्हणून बाजूला पडतं.

ते बाजूला पडू न देणारं एक काम आपल्याच महाराष्ट्रात झालं. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत १३ वर्षांवरच्या ६५० मुली-बायकांना प्रश्न विचारले आणि तपासलंही. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते, सरासरी एकीला तीनाहून जास्त. त्यातले निम्मे जंतुसंसर्गाचे. आणि आयुष्यात आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. निम्म्याहून थोड्या अधिक जणींनीच तक्रार सांगितली होती. म्हणजे नुसतं विचारूनही भागत नाही, तपासावं लागतं.

दुसरं काम तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून लागतो, बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो, पण काहींच्यात मुक्काम करतो आणि वर्षांनंतर त्याचा कॅन्सर होतो. बाईचं 'वागणं' शोधणाऱ्यांनी हे नीट ऐकावं : नवऱ्याशिवाय कुणाला न ओळखणाऱ्या बाईलाही तो लागतो. १९९९ पासून या जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचे गावांप्रमाणे चार गट केले गेले. तीन गटांना एकेक प्रकारची तपासणी मिळाली. चौथ्या गटाला माहिती दिली, तपासणी कुठे होते ते सांगितलं, पण तपासणी केली नाही. २००९ साली निकाल छापून आला : विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या ३४,१२६ जणींत या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींत ६४.

ही तपासणी जीव वाचवते, हे जगाला आपल्या मराठवाड्यातल्या शेतकरी-शेतमजूर बायांनी शिकवलं. पण चौथ्या गटाचं काय? संशोधक म्हणाले, इथे एरवी तपासणी होतच नव्हती, म्हणून आम्ही काही काढून घेतलं नाही. टीकाकार म्हणाले, तपासणीने मृत्यू टळतात हे श्रीमंत देशांत केव्हाच माहीत होतं, मग तुलनेसाठी गरीब बाईलाच का थांबवलं? मला दुसरी बाजू पटते. जिथे सोय नाही तिथली गैरसोय हीच 'नेहमीची पद्धत' म्हणून धरली, तर अन्यायालाच मोजपट्टी बनवल्यासारखं होतं.

आणि संमती? २००९-१० साली आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात याच विषाणूविरुद्धच्या लशीचा प्रकल्प झाला, तेव्हा वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनच्या सह्या होत्या. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, प्रकल्प थांबला, २०१३ मध्ये संसदेच्या समितीने ताशेरे ओढले. तेव्हा आपला आक्षेप विज्ञानाला नव्हता. न विचारता हात लावण्याला होता.

हे सगळं मी भुकूममधल्या बायकांच्या बैठकीत मांडलं. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, मग भुकूम. पुण्याच्या इतक्या जवळ. एक मावशी म्हणाल्या, "ताई, तिकडच्या बायांनी अंग दाखवलं, जीव गेले, आकडे निघाले. मग ती तपासणी आमच्या दवाखान्यात का नाही?"

याचं उत्तर आपल्याला मागावं लागेल. २०१६ च्या सरकारी मार्गदर्शिकेत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली आहे, पण ती विषाणूची नाही. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची आहे. उस्मानाबादेत ती एकदाच करून मृत्यू म्हणावे तसे घटले नव्हते. मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या केल्यावर मात्र सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे ती करायची तर नेटाने करावी लागते. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभरातल्या दोघींचीही तपासणी झालेली नव्हती. आणि ही पाहणी बाईला प्रश्न विचारते ते तिच्या ४९ व्या वर्षापर्यंतच. मूल होण्याचं वय सरलं की बाई मोजणीतूनही सरते.

पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली या विषाणूवरची देशी लस आणली. ती मुलींच्या उपयोगाची. त्यांच्या आया, मावश्या, आज्यांना तपासणीच हवी.

म्हणून प्रत्येक गटाने महिला ग्रामसभेत हे विषय घ्यावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीचा ठरलेला वार, आडोशाची खोली आणि बाई कर्मचारी. आजार सापडला तर उपचार कुठे, याचं लेखी उत्तर. बांधकामावरच्या, आज इथे उद्या तिथे असणाऱ्या मजूर बायांचाही त्यात समावेश. आणि गावात कुणीही पाहणी करायला आलं, तर सही-अंगठ्याआधी तीन प्रश्न : हे कशासाठी? निकाल आम्हाला कधी सांगणार? आजार निघाला तर औषध कोण देणार?

उत्तरं मिळाली तर आपण संशोधनात जरूर सहभागी होऊ, इतरांनाही घेऊन येऊ. मिळाली नाहीत तर वही मिटून परत पाठवू.