शिक्षापद की शिक्षा? गांजाचे झाड, आफ्रिकेची रीत आणि आपली वस्ती

गेल्या काही वर्षांत अकोल्याच्या वस्त्यांमधील पोट्ट्यांच्या मोबाईलवर एक नवीनच शिकवणी सुरू आहे. कुंडीत गांजाचे झाड कसे वाढवायचे आणि त्याचा माल आफ्रिकन पद्धतीने कसा मुरवायचा, याचे व्हिडिओ फिरत असतात. "नैसर्गिक आहे, आपल्याच घरचे आहे, कोणाला काय त्रास?" असा युक्तिवादही तयार असतो. या युक्तिवादाला केवळ "नशा वाईट" एवढे उत्तर देऊन चालणार नाही. आंबेडकरी माणसाने आधी विचारायचे असते : ज्ञान कोणाचे, फायदा कोणाचा आणि तुरुंग कोणाचा?

आधी त्या आफ्रिकन रीतीबद्दल. पूर्व आफ्रिकेतील मलावी या छोट्या, गरीब देशातील शेतकरी गांजाची बोंडे मक्याच्या सालीत किंवा केळीच्या पानात घट्ट बांधतात आणि उष्णतेत मुरू देतात. तंबाखू जसा मुरवतात तसाच हा प्रकार. जगभर हा माल 'मलावी कॉब' म्हणून ओळखला जातो, म्हणजे मलावीचे कणीस. गंमत अशी की हे झाड हिंदी महासागरातील जुन्या व्यापारातून आपल्याकडूनच तिकडे गेले. स्वाहिली भाषेत गांजाला 'बांगी' म्हणतात. हा शब्द आपल्या 'भांग'चाच भाऊ आहे. आणि माल दाबून ठेवण्याची कला आपल्याला परकी नव्हती. इंग्रजांच्या काळात बंगालमधील नौगाव भागात गांजाचे ढीग करून पायाने तुडवत, दाबून ठेवत आणि चपटा गांजा तयार करत. ते तुडवणारे पाय कोणाचे असतील, हे वेगळे सांगायला नको.

1893 मध्ये इंग्रज सरकारने भारतीय गांजा आयोग नेमला. त्याने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि 1894 मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. आपला वऱ्हाडही त्या चौकशीत होता. आयोगाचे मत असे पडले की माफक सेवनाचे दुष्परिणाम फारसे दिसत नाहीत, म्हणून सरसकट बंदीऐवजी परवाना आणि कर हा मार्ग घ्यावा. म्हणजे सरकारने गांजातून पैसा कमावला. स्वातंत्र्यानंतरही अनेक ठिकाणी परवान्याची दुकाने चालली. मग 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारात भारताने सही केली, पंचवीस वर्षांची मुदत मागून घेतली आणि ती संपत आली तेव्हा 1985 मध्ये एनडीपीएस कायदा आला. कालपर्यंत जे सरकारी तिजोरीचे उत्पन्न होते ते एका झटक्यात गंभीर गुन्हा झाले.

आता या कायद्याची व्याख्या नीट वाचा. गांजा म्हणजे झाडाची फुलोऱ्याची किंवा फळधारणेची शेंडी. शेंडी सोबत नसेल तर पाने आणि बी त्यात येत नाहीत. म्हणजे पानांची भांग केंद्रीय कायद्याच्या बाहेर राहिली. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यामुळे भांगेवर बंधन आहे, पण उत्तर प्रदेश आणि राजस्थानात तिची सरकारी परवान्याची दुकाने आहेत. झाड एकच. महाशिवरात्रीला आणि होळीला ते पेल्यात आले की परंपरा, मजुराच्या चिलमीत आले की गुन्हा! केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात भांग घेणारे सुमारे 2.2 कोटी आणि गांजा-चरस घेणारे सुमारे 1.3 कोटी आहेत. जास्त लोक जे घेतात ते मोकळे, कमी लोक जे घेतात त्यावर तुरुंग. हा भेद आरोग्यशास्त्राने केलेला नाही. प्रतिष्ठेने केलेला आहे. आणि आपल्या देशात प्रतिष्ठेची वाटणी कशी होते, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

घरी झाड लावणाऱ्या पोट्ट्यांनी पुढची ओळ दोनदा वाचावी. एक किलोपर्यंत गांजा जवळ सापडला तर शिक्षा एक वर्षापर्यंत आहे. पण झाड लावले तर कलम 20 नुसार दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लागवडीसाठी 'अल्प प्रमाण' अशी सवलतच नाही. एक कुंडी असो की एक एकर, कलम तेच. व्हिडिओ करणारा ज्या देशात बसला आहे तिथे हे चालत असेल. अकोल्यात चालत नाही.

वावरातली गोष्ट आणखी वेगळी. तुरीत किंवा पऱ्हाटीत आडोशाला गांजा लावल्याच्या बातम्या सातपुड्याच्या पट्ट्यातून, धुळे जिल्ह्यातील शिरपूर भागातून वारंवार येतात. वावराचा मालक वेगळा, पैसा लावणारा वेगळा आणि धुऱ्यावर राखण करणारा वेगळा असू शकतो. पोलीस आले की सापडतो तो राखणारा. मग झाडे मुळासकट, फांद्या-पानांसकट तोलली जातात आणि वजन वीस किलोच्या वर गेले की प्रकरण 'व्यावसायिक प्रमाणा'त जाते : दहा ते वीस वर्षे, आणि कलम 37 मुळे जामीनही दुरापास्त. व्याख्या मात्र फक्त शेंडीची! हा मुद्दा वकिलाने मांडायचा असतो. तो मांडणारा वकील गरिबाला मिळतो का, हा खरा प्रश्न आहे.

उद्या कायदा सैल झाला तर आपले भले होईल, असेही समजू नका. मलावीने 2020 मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीला परवानगी दिली. पण परवान्याचे शुल्क हजारो डॉलरच्या घरात. ज्या छोट्या शेतकऱ्यांनी ती कणसाची रीत जपली, ते दाराबाहेरच राहिले. आपल्याकडे उत्तराखंडने कमी नशेच्या वाणाच्या लागवडीसाठी परवाने सुरू केले. परवान्याला जमीन लागते, भांडवल लागते. वऱ्हाडातील भूमिहीन बौद्ध, मातंग आणि आदिवासी माणसाकडे यातले काय आहे? बंदी असताना तुरुंग त्याचा आणि परवाना आला की नफा दुसऱ्याचा, ही व्यवस्था आपण ओळखतो.

मग आपली भूमिका काय? मी बौद्ध आहे आणि पाचव्या शिलाबाबत माझ्या मनात संदेह नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ज्या समाजाला शुद्धीत राहून लढायचे आहे, त्याने स्वतःला धुंदीत ठेवणे म्हणजे लढाई आधीच हरणे. कोवळ्या वयात गांजाची सवय लागली तर मेंदूवर आणि मनावर परिणाम होतो. मानसिक आजाराचा धोका वाढतो. आणि ओला माल बांधून मुरवण्याच्या नादात बुरशी धरली तर तीच फुप्फुसात जाते. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक नव्हे. धोतराही नैसर्गिकच आहे.

पण शील हे 'शिक्षापद' आहे. शिकण्याची पायरी. ते आपण 'समादियामि' म्हणून स्वतः स्वीकारतो, कोणी दंडुक्याने लादत नाही. राज्याने त्याची 'शिक्षा' केली की धम्म संपतो आणि ठाणे सुरू होते. 1948 मध्ये संविधान सभेत नशाबंदीच्या कलमावर चर्चा झाली, तेव्हा जयपालसिंह मुंडा यांनी आदिवासींच्या तांदळाच्या पेयाचा प्रश्न मांडला. बाबासाहेबांनी उत्तरात स्पष्ट केले की हे मार्गदर्शक तत्त्व आहे, राज्यांवर सक्ती नाही. आज ते कलम 47 म्हणून आपल्यासमोर आहे आणि त्यात नशाबंदीच्याही आधी पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे कर्तव्य लिहिले आहे. पहिला भाग विसरून दुसऱ्याचीच अंमलबजावणी करणाऱ्या सरकारला जाब विचारलाच पाहिजे.

म्हणून तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, विहारात फक्त वंदना नको; महिन्यातून एकदा पोरांशी नशेवर मोकळे बोला, हाकलून देऊ नका. ज्याला सोडायचे आहे त्याला 14446 हा राष्ट्रीय नशामुक्ती क्रमांक द्या. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कलम 64-अ खाली संरक्षणाची तरतूद आहे, हेही सांगा. दोन, कोणी अटकेत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतील कोणालाही मोफत वकील मिळणे हा 1987 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, कोणाचे उपकार नाहीत. तीन, सेवन करणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचार मिळावा, आणि उद्या परवाने निघालेच तर भूमिहीनांचा त्यात वाटा असावा, ही मागणी आपण आजच लावून धरली पाहिजे.

झाड लावायचे असेल तर कुंडीत मिरची लावा, पोट्टेहो. आणि वस्तीतला कोणी चुकला तर त्याला पोलिसांच्या गाडीत बसताना नुसते पाहू नका, त्याच्यासाठी वकील शोधायला निघा.

जयभीम!