तालुक्याच्या टॉकीजवर पडदा कोणी पाडला?

एसटी स्थानक आणि बाजारपेठ यांच्याइतकीच टॉकीज ही तालुक्याच्या गावाची खूण होती. आज अशा अनेक टॉकीजच्या जागी व्यापारी संकुले वा मंगल कार्यालये उभी आहेत. दूरचित्रवाणी आली, प्रेक्षक घरी बसला आणि टॉकीज बंद पडली, असे सोपे स्पष्टीकरण त्यावर दिले जाते. ते अपुरे आहे. निमशहरी प्रेक्षक चित्रपटगृहाकडे पुन्हा गर्दी करू शकतो, हे २०१६ साली 'सैराट'ने दाखवून दिले.

मूळ दुखणे व्यवहाराचे आहे. चित्रपटाच्या प्रती मोजक्याच निघत. त्या आधी मुंबई-पुण्यात झिजत आणि मग तालुक्याला पोहोचत. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटने नेमकी हीच फट हेरली. त्यातच १९२३ च्या कायद्याने सुरू झालेला करमणूक कर तिकिटावर होताच. २००१ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे करमाफी आणि पुढील दोन वर्षे केवळ पाव कर अशी सवलत दिली. जुन्या एकपडदा चित्रपटगृहाला मात्र पूर्ण कर भरूनच गळके छप्पर आणि मोडक्या खुर्च्या सांभाळाव्या लागल्या.

डिजिटल प्रक्षेपणामुळे नवा चित्रपट त्याच शुक्रवारी तालुक्यात पोहोचू लागला खरा. पण तोवर शेकडो आसनांचे सभागृह रोज भरणे अशक्य झाले होते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे लागलेले टाळे अनेकांनी पुन्हा उघडलेच नाही.

सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर पाच टक्केच जीएसटी आकारला जातो. हा दिलासा स्वागतार्ह असला तरी पुरेसा नाही. जागेच्या पुनर्विकासात चित्रपटगृह राखण्याची अट काढून टाकावी, ही मालकांची मागणी जुनी आहे. ती सरसकट मान्य झाल्यास टॉकीज कायमची संपेल. अट जशीच्या तशी ठेवल्यास बंद इमारती कुजत राहतील. दीड-दोनशे आसनांचे छोटे, स्वस्त सभागृह आणि उर्वरित जागेचा व्यापारी वापर, हा मधला मार्ग व्यवहार्य ठरू शकतो.

मल्टिप्लेक्समध्ये सोयीच्या वेळेसाठी झगडणाऱ्या मराठी चित्रपटाला तर या पडद्याची गरज सर्वाधिक आहे. त्याचा प्रेक्षक तालुक्यात आहे. प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या पडद्याचा आहे.