कसेल त्याची गाडी

चाकाखालचं

मंगळवारी सकाळी लीज कंपनीचा तपासनीस सुप्याला आला, माझं तीन वर्षांचं लीज संपलं म्हणून गाडी तपासायला. पोरगा पंचविशीतला, हातात टॅब, खिशात रंगाची जाडी मोजायचं यंत्र. माझ्या स्कोडा स्लाव्हियाभोवती त्यानं दोन प्रदक्षिणा घातल्या आणि मागच्या डाव्या दाराशी उकिडवा बसला. तिथे करंगळीएवढी एक रेघ आहे, सोसायटीतल्या कुणाच्या तरी सायकलीनं ओढलेली. तिचे त्यानं चार फोटो काढले. पुढच्या बंपरच्या खालच्या कडेवरच्या सहा ओरखड्यांचे सहा. टायरच्या खाचांत पट्टी घालून खोली मोजली. बॉनेट एकदाच उघडलं, तेही इंजिन नंबर ताडून बघायला. ऑइल कधी बदललं, हा प्रश्न काही आला नाही. मी फाइल हातात धरून उभा होतो, तीन वर्षांच्या सगळ्या पावत्या तारखेवार लावून. ती त्यानं बघितली, हसला आणि म्हणाला, "सर, ह्याला आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही."

गाडी २०२२च्या दिवाळी पाडव्याला आली तेव्हा या सदरातून पेढे वाटून झाले आहेत. तेव्हा तो भाग सोडतो. पण ज्यांना अजून वाटतं की दीड लिटरचं इंजिन म्हणजे पुण्यात दळण आणायला जायची गाडी, त्यांच्यासाठी एकच आठवण. २००४ साली ऑक्टाव्हिया आरएस आली, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. १.८ लिटर, टर्बो, दीडशे घोडे. तिच्याकडे आम्ही सिनेमातल्या नटीकडे बघावं तसं बघायचो. अठरा वर्षांनी तेच दीडशे घोडे चाकणमध्ये बनलेल्या गाडीतल्या १४९८ सीसीच्या इंजिनातून माझ्या दारात उभे राहिले. २५० न्यूटन मीटर, आणि तेही १६०० फेऱ्यांपासून. कामरगावच्या घाटात पुढे कांद्याचा ट्रक गुरगुरत असतो, समोरचा रस्ता रिकामा दिसतो, पाय नुसता टेकवला की ट्रक आरशात. निवांत चाललं की याच इंजिनातले दोन सिलिंडर आपण होऊन झोपी जातात. माझ्या ऑफिसातल्या काही जणांसारखे, फक्त हे हाक मारली की उठतात.

गंमत म्हणजे हे दीडशे घोडे आयकर खात्याला दिसतच नाहीत. पगारातून लीजची गाडी घेतली की त्या सोयीची करपात्र किंमत धरली जाते. माझ्या तिन्ही वर्षांत तो हिशेब इंजिनाच्या आकारावरच होता. १६०० सीसीपर्यंत महिन्याला १८०० रुपये, त्यापुढे २४००. टर्बो त्याच डब्यात जास्त हवा कोंबतो, हे त्या नियमाच्या गावीही नाही. दोन लिटरचं आळशी जुनं धूड चालवणारा माझ्याहून जास्त भरतो. मी तक्रार करत नाही. लीजच्या मोहात मी पडलो तो याच फटीतून.

पण टर्बोला मालक लागतो, भाडेकरू नाही. सकाळी थंड इंजिनावर पहिले चार किलोमीटर मी गाडी बैलगाडीसारखी हाकली आहे. घाट चढून आलो की बंद करण्याआधी अर्धा मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवलं आहे. टर्बोची ती छोटी चक्री लालभडक तापलेली असते, लगेच बंद केलं तर तिच्यातलं ऑइल जागच्या जागी करपतं, अशी आमच्या पिढीची शिकवण. नव्या गाड्यांना याची गरज उरलेली नाही, असं जाणकार सांगतात. सांगोत. बायको त्या अर्ध्या मिनिटाला 'आरती' म्हणते आणि पिशव्या घेऊन पुढे निघून जाते.

आता बुधवारचं ऐका. कंपनीचा फोन आला. गाडी परत द्यायची असेल तर रेघ आणि बंपर मिळून साडेतेरा हजार कापले जातील. स्वतः विकत घ्यायची असेल तर करारात लिहिल्याप्रमाणे 'त्या वेळच्या बाजारभावानं'. भाव ऐकून मी म्हणालो, हा जरा जास्त वाटतो. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "सर, गाडी तुम्ही इतकी छान ठेवली आहे ना, म्हणून व्हॅल्यू चांगली आली."

म्हणजे बघा. रेघ पडली तर ती माझी. इंजिन राखलं तर ते त्यांचं, आणि त्याचे पैसेही मीच मोजायचे.

संध्याकाळी ही हकीकत शेजारच्या तात्यांना सांगितली. तात्या हसले नाहीत. तंबाखू मळत म्हणाले, "सायेब, माझ्या रानाचं आसंच झालं व्हतं."

तात्यांनी वाडेगव्हाणच्या बाजूला तीन एकर खंडानं घेतलं होतं. मालक हडपसरला नोकरीत. व्यवहार तोंडी, पाडवा ते पाडवा. कागद करायचा नाही आणि एकाच माणसाकडे फार वर्षं जमीन ठेवायची नाही, कारण मालकाला धास्ती कुळाची. १९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस या भागातल्या जमीनमालकांच्या घरात अजून दबक्या आवाजात निघतो. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्यानं जमिनीचं खरेदीदार ठरलं. तेव्हापासून मालकानं धडा घेतला तो एवढाच, की कूळ म्हणून कुणाचं नाव सातबाऱ्याला लागता कामा नये.

खंडाचं रान कसं कसतात, हे गावात पोरालाही ठाऊक. शेणखत आपल्या वावरात, युरिया खंडाच्या वावरात. बांध फुटला तर फुटू द्यायचा. कांदा काढायचा, चालू लागायचं. उद्या दुसऱ्याच्या ताब्यात जाणाऱ्या मातीवर कोण घाम गाळणार? पण तात्या जुन्या वळणाचे. राळेगणसिद्धी इथून हाकेच्या अंतरावर, माती-पाण्याची अक्कल या तालुक्याला कुणी शिकवायला नको. उन्हाळ्यात पाझर तलाव आटला तेव्हा तात्यांनी स्वतःच्या खर्चानं ट्रॉल्या लावून त्या तीन एकरांत गाळ ओढला. एक बांध नीट घालून घेतला. त्या साली ज्वारी पुरुषभर उंच आली.

पुढच्या पाडव्याला मालक गाडी घेऊन आला, बांधावर उभा राहिला, ढेकूळ हातात घेऊन चुरगाळलं आणि म्हणाला, "रान सुधारलंय, तात्या." एकरी पाच हजार खंड वाढवला. तात्यांनी ते रान सोडलं.

मी विचारलं, मग गाळाचे पैसे? तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नुकताच पुण्याहून आलो होतो. वास्तविक कूळकायद्यात कुळानं केलेल्या सुधारणांची भरपाई सांगितली आहे. पण तात्या कागदावर कूळच नव्हते, तर भरपाई कुणाला? आणि मी कागदावर आहे, चांगला एकतीस पानांचा आहे, प्रत्येक पानावर माझी सही आहे, तर त्या एकतीस पानांत दाराच्या रेघेचा दर आहे आणि ऑइलचं नावही नाही. मालक मातीचा असो की मोटारीचा, त्याला बांध दिसतो, गाळ दिसतो तो फक्त भाव वाढवताना.

"मंग खराब ठिवायची व्हती की," तात्या म्हणाले. लीजच्या गाड्या बहुतेक लोक तशाच ठेवतात, हे मी पार्किंगमध्ये रोज बघतो. किल्ली फिरली की सकाळच्या थंडीत पाय तळाला. त्यांचे दरवाजे मात्र आरशासारखे लख्ख. तेच शहाणे.

सुप्यात याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही म्हणा. एमआयडीसीचे भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. कामगारांच्या खोल्या अकरा महिन्यांच्या करारावर. कामगार कंत्राटावर. माझी गाडी छत्तीस महिन्यांवर. मालकीचं काय, तर समोरच्या डोंगरावरचा वारा, आणि त्यालाही पवनचक्क्या लावून झाल्या आहेत.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५पासून या आकाराच्या गाडीवरचा कर ४५ टक्क्यांवरून ४० वर आला. नवी गाडी स्वस्त झाली, तर जुनीचा भावही उतरायला हवा, हे कांद्याच्या व्यापाऱ्याला सांगावं लागत नाही. गोड आवाजाला सांगावं लागलं. उत्तर आलं, "सिस्टीममध्ये जुनीच किंमत आहे, सर." मी दुपारी मेल टाकली: गाडी घेऊन जा.

बंपरच्या सहा ओरखड्यांबद्दल माझं म्हणणं नोंदवून ठेवतो. ते सहाही औद्योगिक वसाहतीच्या फाट्यावरच्या एकाच गतिरोधकाचे आहेत. पुरावा नाही, खात्री आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून पंचवीसच्या वेगानं गाडी अलगद जावी म्हणून. आमच्याकडचा कुणीतरी उरलेल्या डांबरात एका रात्रीत उभारलेला, रुंदीला पाट, उंचीला देव्हारा. गाडीची जमिनीपासूनची उंची कागदावर १७९ मिलिमीटर. चार माणसं आणि दिवाळीचा फराळ भरला की ती किती उरते, हे त्या डांबराला ठाऊक.

शनिवारी एक मुलगा गाडी न्यायला आला. मी सवयीनं आधीच फेरी मारून ती गरम करून ठेवली होती, पण तो दीड तास उशिरा आला आणि इंजिन परत गार पडलं. कागदावर सही घेतली, सीट मागे सरकवली, एसी पूर्ण सोडला, गाणं लावलं. फाटकातून बाहेर पडताच त्यानं पाय दाबला. मी तात्यांबरोबर बांधावर उभा असल्यासारखा बघत होतो. फाट्यावर तो हळू होईल असं वाटलं, तो झाला नाही. खालून खर्रर्र आवाज आला, आम्हा दोघांनाही ऐकू आला.

"ह्याचं किती कापत्याल?" तात्यांनी विचारलं.