आगीतून फुफाट्यात नको!

केंद्र सरकारने १ एप्रिल २००४ रोजी एचआयव्हीबाधितांसाठी मोफत औषधोपचाराची योजना सुरू केली, तेव्हा या रोगाचे निदान म्हणजे यमाचे बोलावणे, अशीच सर्वत्र समजूत होती. आज औषधे नियमित घेणारा रुग्ण वार्धक्यापर्यंत जगू शकतो. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची ही कामगिरी निःसंशय अभिमानास्पद होय. परंतु पुढच्या दाराशी एका शत्रूला रोखून धरले असता मागच्या दाराने दुसरा घरात शिरत आहे. हा दुसरा शत्रू म्हणजे मधुमेह.

वय, वजन आणि आनुवंशिकता ही कारणे या रुग्णांनाही चुकलेली नाहीत. त्यांत विषाणूमुळे शरीरात धुमसत राहणाऱ्या दाहाची भर पडते. जुन्या औषधांचाही यात वाटा आहे. प्रोटिएज-प्रतिबंधक औषधांनी रक्तशर्करा वाढू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९७ मध्येच दिला होता. स्टॅव्ह्यूडीनमुळे इन्शुलिनचा प्रभाव घटतो. ते औषध मागे पडले, पण ते वर्षानुवर्षे घेतलेले रुग्ण आपल्यात आहेत. आजचे डोल्युटेग्रॅविर पुष्कळच बरे. तथापि त्यामुळे मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाचे रक्तातील प्रमाण वाढते. म्हणूनच दोन्ही एकत्र देताना मेटफॉर्मिनची मात्रा दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवावी लागते. शिवाय तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी या रुग्णांत प्रत्यक्षाहून कमी आकडा दाखवू शकते. तेव्हा केवळ तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

खरी अडचण पुढेच आहे. दोन्ही औषधांची गाठ रुग्णाच्या पोटात पडते. ती लिहून देणाऱ्या दोन डॉक्टरांची मात्र कधीच पडत नाही. दुसऱ्या डॉक्टरास पहिला रोग सांगण्याचे धैर्य रुग्णाला का होऊ नये? भेदभावास मनाई करणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. पण मिटलेले तोंड कायद्याने उघडत नाही, ते विश्वासाने उघडते; आणि तो विश्वास देण्यात आपला सुशिक्षित समाजच कमी पडला आहे.

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक एआरटी केंद्रात उपाशीपोटीची रक्तशर्करा ठराविक काळाने तपासली जावी आणि मधुमेहाची औषधे त्याच खिडकीवर मिळावीत. रुग्णांनीही मधुमेहाच्या भीतीने एचआयव्हीची औषधे स्वतःहून थांबवू नयेत. मोठ्या कष्टाने वाचवलेले जीव साखरेपायी गमावणे कोणत्याही शासनास शोभणारे नाही.