मालक की नुसते ग्राहक?

1 जून 2017 चा शेतकरी संप आपल्या पुणतांब्यातून सुरू झाला, तोही ग्रामसभेच्या ठरावातून. मग सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला तेच गाव का दिसत नाही?

आपल्या जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज संस्था आठवा. वीज वापरणारेच सभासद, म्हणजे मालक. थकबाकीचा वाद चिघळला आणि 2011 ला वीजपुरवठा महावितरणकडे गेला. त्याच काळात निघालेली बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था मात्र आजही वीज देते.

संचालकांना शिव्या घालणं सोपं आहे. पण कुठल्याही संस्थेत अहवाल न वाचता ‘मंजूर, मंजूर’ ओरडतं कोण? आपणच ना? यंदा सभेला नाश्त्यापुरतं जाऊ नका, ताळेबंद वाचून जा. उभं राहून एवढंच विचारा: थकबाकी किती आणि कुणाकडे?